धुराचं कपाट

नागेशने ते कपाट अबुधाबीजवळच्या मुसफ्फात, सहा जणांच्या खोलीत आणून ठेवलं, तेव्हा प्रल्हादने आधी त्याला मनोभावे हात जोडले. मग वाकून आत डोकावला आणि म्हणाला, "देव कुठाय रे ह्यातला? की तो पण व्हिसा कॅन्सल करून गेला?"

कपाट कमरेएवढं उंच, काळं, पत्र्याचं. समोर दार, दारावर आतली उष्णता दाखवणारी काट्याची तबकडी, आत तीन जाळ्या आणि तळाशी विजेची एक वाकडी कांडी. कांडीवर लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे ठेवायचा. कांडी तापली की ढलप्या धुमसतात आणि जाळीवरचं मासे-मटण त्या धुरात सावकाश शिजतं. वर्कशॉपच्या गोऱ्या साहेबाने ते अमेरिकेहून मागवलं होतं. खोका फोडायच्या आतच त्याची बदली झाली आणि जाता जाता त्याने ते नागेशला देऊन टाकलं. नागेश इलेक्ट्रिशियन. विजेची वस्तू फुकट मिळते आहे आणि तो नको म्हणतो आहे, असा इलेक्ट्रिशियन अजून जन्माला यायचा आहे.

पण या वेळी कारण नुसतं फुकटचं नव्हतं. भिकाजीतात्या कायमचे गावी निघाले होते. २००२ सालचा जानेवारी चालू होता; तात्यांचा व्हिसा कॅन्सल झाला होता, तिकीट शनिवारचं होतं.

तात्या नोकरीला स्टील कटर आणि खोलीत स्वयंपाकी. कुणी नेमलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी भात करपवला, तात्यांनी त्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि तो पुन्हा कुणाला दिलाच नाही. ड्युटीवरून आल्यावर बाकीचे बूट काढून आडवे व्हायचे. तात्या बूट न काढताच तांदूळ धुवायला घ्यायचे. सगळ्यांची पोटं भरेपर्यंत त्यांचा वाढता हात थांबायचा नाही. मग उरलंसुरलं एका ताटलीत घेऊन ते ओट्याशी उभ्या उभ्याच पोटात ढकलायचे. नागेश या खोलीत आला त्याच उन्हाळ्यात तापाने फणफणला होता. तेव्हा तात्यांनी पेज पाजून त्याला उभा केला होता. तो माणूस बसून जेवताना मात्र नागेशने एकदाही पाहिला नव्हता.

हे त्याला टोचत होतं. जायच्या आधी एकदा तरी तात्यांना पहिल्या पानावर बसवायचं आणि आपल्या हातचं गरम गरम वाढायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण गॅसच्या शेगडीशी उभं राहायची सोय नव्हती. तिथे कुणी कांदा चिरायला घेतला तरी तात्या मागून येऊन सुरी काढून घेत. हे कपाट मात्र त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ह्यात ढवळायला काही नाही, परतायला काही नाही, दार लावलं की डाव घालायला जागाच नाही. नागेशला चहाही धड जमत नसे, तरी तो निर्धास्त झाला तो एवढ्याच हिशेबावर.

"शुक्रवारचं जेवण माझं," त्याने जाहीर केलं. "धुरावरची सुरमई. तात्या, तुम्ही कशाला हात लावायचा नाही. तुम्ही गेस्ट."

"माझे हात मोडलेत काय?" तात्या म्हणाले.

"मोडले नाहीत. सुट्टीवर आहेत."

गुरुवारी संध्याकाळी नागेशने कपाट अंगणात भिंतीशी मांडलं. सोबतच्या पुस्तकात पहिलीच सूचना अशी होती की, मशीन आधी रिकामंच तापवा, म्हणजे आतलं तेल, रंगाचा वास जळून जाईल. नागेशने ती मोठ्याने वाचली आणि इथेच घोडं अडलं.

"रिकामी चूल पेटवूक नको, झिला," तात्या म्हणाले. "कायतरी घाल आत."

"तात्या, ही चूल नाही, मशीन आहे. कंपनीनेच लिहिलंय."

"कंपनीक आवस नाय काय सांगूक?"

कंपनीला आई आहे की नाही, ते नागेशच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. तो टेस्टर आणायला आत गेला तेवढ्यात तात्यांनी चार रताळी जाळीवर ठेवली आणि दार लावून, आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्याने आकाशाकडे पाहत उभे राहिले. दार उघडलं तेव्हा रताळी मस्त तपकिरी झाली होती आणि त्यांना नव्याकोऱ्या दाराच्या ऑइलपेंटचा वास मारत होता. रीत म्हणजे रीत. चूल पेटली, त्यातलं काहीतरी तोंडात गेलंच पाहिजे. प्रल्हादने एक घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाला, "छान. अजून एक कोट मारला असता तर गंज पण लागला नसता." तात्यांनी मात्र आपलं रताळं सालासकट संपवलं. चूल आता रिकामी राहिली नव्हती, आणि त्यांच्या दृष्टीने विषय खलास.

शुक्रवार उजाडला तो शमाल घेऊनच. वायव्येचा हा वारा थंडीत सुटला की मुसफ्फाच्या मोकळ्या रस्त्यांवरून वाळू सरपटत येते आणि कानात गार सुई घुसते. एरवी पन्नासच्या उन्हात काम करणारी माणसं त्या दिवशी ब्लँकेट पांघरून चहा पीत होती. रफिक रत्नागिरीचा, मासे त्याच्याइतके खोलीत कुणाला कळत नसत. तो पहाटेच अबुधाबीच्या मीना बंदरावर जाऊन एक अख्खी सुरमई घेऊन आला होता. "हात लावून बघ, अजून पोहतेय," तो म्हणाला. "पंचवीस दिरहॅममध्ये दिली. म्हणजे सव्वातीनशे रुपये. गावाला एवढ्यात शेपटी मिळत नाही."

नागेशने तुकड्यांना मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावलं. तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते. मीठ पडताना त्यांचा हात आपोआप पुढे आला, नागेशने नुसतं बघितलं, हात मागे गेला.

मशीन अमेरिकेचं, एकशेदहा व्होल्टवर चालणारं. म्हणून साइटवरून मागून आणलेला, व्होल्टेज निम्म्यावर उतरवणारा पिवळा ट्रान्सफॉर्मर गुरुवारी कपाटाशेजारीच होता; आज त्यात वाळू जाईल म्हणून नागेशने तो खोलीत प्लगशी ठेवला आणि तिथून एक लांबलचक एक्स्टेंशन ओढून अंगणात नेलं. ढलप्या भरल्या, मासे मांडले, दार लावलं. "बाराला जेवायचं, यल्ला, चला, पानं घ्यायला तयार राहा," असं सगळ्यांना सांगून टाकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

काटा हलला, थोडा वर चढला आणि तिथेच बसला.

थोड्या वेळाने एक जण आला, "बघू तरी," म्हणत त्याने दार उघडलं. भसकन धूर गेला, काटा खाली. मग शेजारच्या खोलीतले आले. फोडणी जळत नाही ना हे झाकण उचलून बघायचं, ही आपल्या लोकांची जन्माची सवय. बंद दाराआड काही शिजतं आहे आणि ते न बघता थांबायचं, हे कुणाच्या रक्तातच नव्हतं. प्रल्हाद तर दर खेपेला दार उघडून आतल्या सुरमईला "कशी आहेस?" असं विचारून येत होता. आणि तात्या कपाटाभोवती घिरट्या घालत होते. त्यांची बोटं शिवशिवत होती.

"गॅसवर तवा ठेवतंय," शेवटी ते म्हणाले. "चार तुकडे भाजून टाकतंय. पोरां उपाशी आसत."

नागेशला पुढचं सगळं दिसलं. तवा एकदा चढला की तात्या ओट्याशी उभे राहणार, सगळ्यांना वाढणार आणि उरलेलं उभ्याने खाणार. उद्या विमानात बसणार. सगळं मुसळ केरात. तो घाबरून बोलून गेला, "तात्या, तव्याचं राहू द्या. हे बघा, सगळे दार उघडतायत म्हणून शिजत नाहीये. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील. तुम्ही इथे बसा आणि दार कुणाला उघडू देऊ नका."

त्याने प्लास्टिकची खुर्ची आणून कपाटासमोर, उन्हाच्या पट्ट्यात ठेवली. तात्यांनी खुर्चीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. काम होतं. जबाबदारीचं होतं. ते बसले.

त्यानंतर त्या दाराला कुणाची बोट लावायची छाती झाली नाही. "हात काढ मेल्या, धूर पळता!" एवढं एकदाच ऐकू आलं, ते प्रल्हादला उद्देशून होतं. तरीही काटा काही चढेना. नागेश ढलप्या बघायला खाली वाकला आणि त्याच्या हाताला एक्स्टेंशनची वायर लागली. वायर चांगली कोमट होती. कपाट गार आणि वायर गरम! स्वयंपाकी व्हायच्या नादात तो इलेक्ट्रिशियन असल्याचंच विसरला होता. कमी व्होल्टेजचा करंट एवढ्या लांब, एवढ्या बारीक वायरमधून आणला होता. निम्मी ऊब रस्त्यातच गळत होती आणि उरलेली वारा नेत होता.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," प्रल्हाद म्हणाला.

"बैल राहू दे, जाड केबल आण," नागेश म्हणाला.

ट्रान्सफॉर्मर त्याने खोलीतून उचलून कपाटाशेजारी आणला, लांबची वायर जाड टाकली, ट्रान्सफॉर्मरपासून कपाटापर्यंत फक्त हातभर अंतर ठेवलं. शटरिंगचे तीन प्लायवूड उभे करून वाऱ्याची वाट अडवली. वरची धुराची भोकं मोकळी ठेवली. मग तो उभा राहून बघत राहिला. काटा जागचा हलला आणि वर वर चढत गेला. कपाटाच्या डोक्यावरून निळसर धुराची बारीक रेघ निघाली. आंबूस, खमंग वास अंगणभर पसरला. नागेशला इतका आनंद झाला की त्याने उगाचच पँटला हात पुसले.

बारा वाजून गेले. रफिक जुम्म्याची नमाज पढून परत आला तरी मासे झाले नव्हते. पण आता कुणाला घाई नव्हती. प्लायवूडच्या आडोशाला वारा लागत नव्हता, कपाटाची ऊब येत होती, म्हणून एकेक जण चटई, उशी, उलटी बादली घेऊन तिथेच टेकला. मधोमध तात्या. आणि तात्या बोलायला लागले.

या खोलीत त्यांना असं कुणी ऐकलं नव्हतं. ओट्याकडे तोंड करून पाठीमागच्या माणसाशी काय बोलणार? त्यांनी धाकट्या भावाच्या लग्नात विहिरीत पडलेल्या बँडवाल्याची गोष्ट सांगितली. शारजात पहिल्यांदा उतरले तेव्हा खजुराच्या झाडाला माड समजून शहाळं शोधत फिरले होते, ते सांगितलं. रफिक हसून हसून उशीवर पालथा पडला. ज्याच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, तो इतका गमतीदार माणूस आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं नागेशच्या मनात आलं, आणि त्याला थोडी लाजही वाटली.

सुरमई झाली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तुकडे सोनेरी, कडेला तांबूस, बोट लावलं की पदर सुटत होते. रफिकने भात आणि सोलकढी तयार ठेवली होती. नागेशने चटईवर एकच ताट मांडलं.

"बसा तात्या."

"सगळे बसा. मी वाढतंय."

"आज तुमचं पान आधी. तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताट घेणार नाही."

खरंच कुणी घेतलं नाही. सकाळपासून चहावर असलेले पाच धट्टेकट्टे गडी ताटकळत उभे राहिले. तात्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, पुटपुटत मांडी घातली. मांडी नीट बसेना. जरा सरकले, पुन्हा घातली. मग तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. नागेश डाव हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ वायच कमी पडला," तात्या म्हणाले. मग ताट पुढे केलं. "आणि एक तुकडो घाल."

एकच आरडाओरडा झाला. पानं पडली, सगळे तुटून पडले. तात्यांनी तीन वेळा मागून घेतलं आणि तीनही वेळा नागेशनेच वाढलं. कुणाला भात, कुणाला कढी, रफिकला अजून एक तुकडा, असं करता करता पंगत कधी उठली ते नागेशला कळलंही नाही. जिंकलो, असं त्याला आतून वाटत होतं.

रिकामी भांडी आणि कपाटातली जाळी घेऊन तो आत गेला. जाळीवर शेपटीकडचे दोन गार तुकडे उरले होते, पातेल्याच्या बुडाशी थोडा भात. ते त्याने ताटलीत घेतले आणि ओट्याशी उभ्यानेच खायला लागला. गार तुकडाही झकास लागत होता. बाहेर प्रल्हाद कसली तरी नक्कल करत होता, सगळे हसत होते.

पडदा सरकला. तात्या आत आले. त्यांनी नागेशला ओट्याशी उभा पाहिला. बाहेर जाऊन ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले, ओट्याला लावून ठेवली आणि नागेशच्या खांद्यावर हात दाबून त्याला तिच्यावर बसवलं. मग तेलाचा डबा ओढून स्वतः समोर टेकले.

"चला ना तात्या, बाहेर मजा चाललीय," नागेश म्हणाला.

"तू जेव सावकाश. मी बसलंय हंय."

घास नागेशच्या हातातच राहिला. इतकी वर्षं रोज रात्री हा माणूस याच ओट्याशी जेवला होता, आणि आपल्या पाच जणांतलं कुणीही कधी उठून याच्यासमोर येऊन बसलं नव्हतं. मान खाली घालून त्याने घास तोंडात घातला. ताटली रिकामी होईपर्यंत तात्या उठले नाहीत.