पोथीवाल्या नर्सबाईंची पेटी

मित्रांनो, आज माझ्यात कुणी चार कांदेसुद्धा ठेवणार नाही. झाकणाला तडा गेला आहे, पट्टा तुटून त्या जागी सुतळी आली आहे आणि माझा मूळचा निळा रंग कसा होता, हे मलाच आठवत नाही. तरी मी कुणी साधीसुधी पेटी नव्हे. मी लशींची पेटी आहे. लहान मुलांना टोचायच्या लशी गार ठेवून गावोगाव पोचवायच्या, हे माझे काम. आरोग्य केंद्रात मला ‘कॅरियर’ म्हणत. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात हे काम करून बघा, म्हणजे माझी किंमत कळेल.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाडजूड भिंती आणि घट्ट बसणारे झाकण घेऊनच मी बाहेर पडले. आत चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या लावायच्या, मधोमध लशींच्या बाटल्या ठेवायच्या आणि एकदा झाकण लावले की विनाकारण उघडायचे नाही. विनाकारण झाकण उघडणाऱ्या माणसांचा मला अजून राग येतो. स्वभावाने मी थोडी कडकच आहे. गप्प राहायचे आणि आतले जपायचे, एवढेच मला शिकवलेले.

ट्रकमधून हेलकावे खात मी परभणीला आले आणि तिथून पेडगावच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात. तिथे मला सत्यशीलाबाईंच्या हवाली केले. त्या निंबळवाडीच्या उपकेंद्रावर नर्स होत्या. दर बुधवारी केंद्रातून मला भरून घ्यायचे, एसटीने फाट्यावर उतरायचे आणि मला खांद्याला अडकवून गावात चालत जायचे, हा त्यांचा नेम. माझे वजन काही कमी नव्हते, पण त्यांनी मला कधी आदळले नाही. उन्हात थांबायची वेळ आली, तर स्वतःची सावली माझ्यावर पडेल अशा बेताने उभ्या राहायच्या. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या.

त्यांची हकीकत मला हळूहळू कळली. १९७८ साली त्या परभणीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होत्या. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि त्यावरून मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. सत्यशीलाबाईंचे घर गावाकडे बौद्ध वस्तीत होते. ते जळाले. वडील दत्तराव शाळामास्तर. अंगावरच्या कपड्यांनिशी लेकरांना घेऊन त्यांनी गाव सोडले. त्या धावपळीत कॉलेज सुटले ते सुटलेच. पुढे बाईंनी नर्सचे शिक्षण घेतले, नोकरी लागली, लग्न झाले. नवरा लांबच्या एका साखर कारखान्यात, सुट्टीला घरी येणारा. सगळे मार्गी लागले होते. फक्त पदवी राहिली होती, आणि ती बाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती.

१९९१ साली त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. या विद्यापीठात रोज कॉलेजात जावे लागत नाही. पुस्तके टपालाने घरी येतात, रविवारी परभणीच्या अभ्यासकेंद्रात तास होतात, बाकीचा अभ्यास आपला आपण करायचा. ऐकायला किती सोपे, नाही? पण घरी पुस्तक उघडले की दार वाजे. कुणाला कळा सुरू झालेल्या, कुणाला विंचू चावलेला, कुणाचे लेकरू दूध ओढत नाही. विद्यापीठ मुक्त होते, बाई कुठे मुक्त होत्या?

वेळ सापडला तो माझ्याजवळ. लस टोचल्यावर मुलाला अर्धा तास तिथेच थांबवायचे असते. काही त्रास झालाच, तर नर्स समोर हवी. आधीच्या नर्सबाई टोचून लगेच पुढच्या गावाला निघायच्या. सत्यशीलाबाई मात्र तो अर्धा तास काटेकोर पाळायच्या. निंबळवाडीत बायनाबाईंच्या दारासमोर कडुलिंबाचे मोठे झाड होते, त्याखाली आमचा मुक्काम पडायचा. बायनाबाई म्हणजे मोठ्या शेतकरी घरातल्या कर्त्या बाई. त्यांना नातवंडांना लस हवी होती, पण नर्सबाई ओट्यावर यायला नको होत्या. पाणी द्यायच्या ते वरून, ओंजळीत. सत्यशीलाबाई त्या पाण्याला कधी शिवल्या नाहीत. घरून आणलेली बाटली काढून दोन घोट घ्यायच्या, माझ्या झाकणावर पुस्तक ठेवायच्या आणि वाचायला लागायच्या. एक डोळा लेकरांवर, एक पुस्तकावर. माझ्या झाकणाचे टेबल झाले, याचा मला अभिमान वाटायचा. शिवाय पुस्तक वर असले की झाकण कुणी उघडत नाही.

मनकर्णा नावाची एक तरणी आई होती, चौथीपर्यंत शिकलेली. तिला राहवेना. काय वाचता ते आम्हालाही ऐकू द्या, म्हणाली. तेव्हापासून बाई मोठ्याने वाचू लागल्या. मोठ्याने वाचले की डोक्यात नीट बसते, हे त्यांच्याही ध्यानात आले. अर्थशास्त्र निघाले की बाया जांभया द्यायच्या. पण इतिहास निघाला की लेकरांना थोपटणारे हातसुद्धा थांबायचे. फ्रान्स देशात भाकरी महाग झाली, तेव्हा बाजारातल्या बायाच राजाच्या वाड्यावर चालून गेल्या, हे ऐकल्यावर ओट्यावरून बायनाबाईंचा आवाज आला होता, “बायाच गेल्या व्हय?” आणि मग त्या उगाच खाकरल्या होत्या, आपण ऐकत नव्हतो असे दाखवायला.

इथवर सगळे छान चालले होते. पण गावात वेगळेच काहीतरी शिजत होते आणि ते ना बाईंना ठाऊक, ना मला. मनकर्णाच्या थोरल्याला आधीच्या नर्सबाईंच्या वेळी लस टोचल्यावर फार ताप चढला होता. धाकट्याच्या वेळी सत्यशीलाबाईंनी वाचले आणि ताप नुसता येऊन गेला. दुसरीच्या लेकराचेही तसेच झाले. बायांनी आपापसात हिशेब लावला. सुई टोचल्यावर ही बाई पोथी वाचते, म्हणून ताप उतरतो. शेजारच्या वस्तीवरूनही बाया लेकरे घेऊन ‘पोथीवाल्या बाईंकडे’ यायला लागल्या. गर्दी वाढली म्हणून आम्ही दोघी खूश होतो.

बी.ए.चे शेवटचे वर्ष आले. त्या वर्षीच्या जानेवारीत, १९९४ साली, मराठवाडा विद्यापीठाला अखेर बाबासाहेबांचे नाव मिळाले. दत्तराव लेकीकडे आले आणि म्हणाले, “इद्यापीठाचं झालं, सत्यशीला. आता तुझं राह्यलं.” परीक्षा मे महिन्यात होती. बाईंनी तो अर्धा तास आणखी घट्ट धरला.

आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी कागाळी केली. नर्सबाई कामाच्या वेळी पुस्तके वाचतात. पर्यवेक्षक तात्याराव मोटारसायकलवरून थेट झाडाखाली येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. लसीकरणाच्या दिवशी पुस्तक दिसता कामा नये, असे त्यांनी बजावले. बाईंनी मान डोलावली. घरी वेळ नाही, बाहेर परवानगी नाही आणि परीक्षा तोंडावर.

पुढच्या बुधवारी आम्ही पुस्तकाशिवाय गेलो. बायांनी आधी माझ्या झाकणाकडे पाहिले, मग बाईंच्या पिशवीकडे, आणि लेकरे कडेवर घेऊन लस न घेताच घरी गेल्या. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. मी भरलेली गेले आणि भरलेली परत आले. मित्रांनो, लशीच्या पेटीला याच्याएवढी दुसरी नामुष्की नाही.

केंद्रात बोंब झाली. तिसऱ्या बुधवारी तात्याराव स्वतः आमच्याबरोबर आले आणि त्यांनी बायांना कारण विचारले. शेवटी ओट्यावरून बायनाबाईच बोलल्या. “सुई तुमची खरी, सायेब. पन ताप उतरतो तो बाईच्या पोथीनं. पोथी न्हाई तर आमची लेकरं बी न्हाईत.”

तात्यारावांना हसू आले. पण लसीकरणाचे उद्दिष्ट त्यांच्या डोक्यावर बसलेले होते. ते बाईंजवळ सरकून हळूच म्हणाले, “मग वाचा की बाई. तुमचा अभ्यास व्हईल, माझं काम व्हईल. दोघांचं बी भागलं.”

मित्रांनो, मी तिथेच होते. बाईंना फक्त गप्प बसायचे होते. हवा होता तो अर्धा तास आपल्या पायांनी चालत आला होता. बाईंनी माझ्या झाकणावर हात ठेवला. मग त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. “मावशी, ती पोथी न्हाई. माझ्या परीक्षेचं पुस्तक हाय. त्यानं कुनाचा ताप उतरत न्हाई. लस टोचली की थोडा ताप येतो आन् आपोआप जातो. मी वाचलं न्हाई तरी जातो. आपन अर्धा घंटा बसतो ते लेकरांवर ध्यान ठिवायला, दुसरं काई न्हाई.”

आयुष्यात पहिल्यांदा मला आपले झाकण आपणच उघडून ओरडावेसे वाटले, की बाई, हे काय केलेत? पण आज विचाराल, तर त्या क्षणी बाईंना दिला, एवढा मान मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. आपल्या पदवीसाठी त्यांनी दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेतला नाही.

“म्हंजी इतके दिस आमी येडेच ठरलाव म्हना की,” असे म्हणून बायनाबाई आत निघून गेल्या. तात्यारावांनी कपाळाला हात लावला. दोघी-तिघी उठल्याही. तेवढ्यात मनकर्णा पुढे आली आणि तिने धाकट्याचा दंड उघडा केला. “पोथी नसू द्या. तुमी सुई द्या.”

टोचून झाल्यावर ती झाडाच्या बुंध्याशी फतकल मारून बसली. “आता अर्धा घंटा बसायचंच हाय न्हवं? मग रिकामं काहून बसायचं? त्या भाकरीसाठी गेलेल्या बायांचं पुढं काय झालं, ते तरी सांगा.”

बाईंनी तात्यारावांकडे पाहिले. नियम पुस्तकाबद्दल आहे, तोंडाबद्दल नाही, असे काहीसे पुटपुटत तात्यारावांनी मोटारसायकलला किक मारली. तेव्हापासून बाई पहाटे उठून धडा पाठ करायच्या आणि बुधवारी पुस्तकाशिवाय, लेकरांवर दोन्ही डोळे ठेवून, तो बायांना समजावून सांगायच्या. जे बायांना कळायचे नाही, ते आपल्यालाही नीट कळलेले नाही, हे त्यांना तिथल्या तिथे उमगायचे. बायनाबाई दोन आठवडे रुसून होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या ओटा उतरून खाली आल्या आणि बाईंच्या शेजारी मातीत बसल्या. वरून ऐकू येत नाही, असे त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकले.

परीक्षेचा एक पेपर नेमका बुधवारी आला. बाईंनी रजा घेतली आणि मला दुसऱ्या उपकेंद्राच्या पार्वतीबाईंबरोबर पाठवले. ऊन असे होते, की एसटीचा पत्रा हाताला चटका देत होता. पार्वतीबाईंनी झाडाखाली भराभर लशी दिल्या. अर्धा तास झाला, लेकरे ठीक होती. आता घरी जा, असे त्यांनी सांगितले. एकही बाई उठली नाही. पार्वतीबाईंनी पुन्हा सांगितले. घरी स्वैपाक असेल, उन्हाचे लेकरांना घेऊन कशाला बसता, म्हणाल्या.

बायनाबाईंनी मांडीवरच्या नातवाच्या तोंडावर पदर ओढला. “लेकरांचा अर्धा घंटा झाला, बाई. तिचे तीन घंटे व्हायचेत.”

पार्वतीबाईंना काही कळेना. मनकर्णाने त्यांना सांगितले, की आमच्या बाईंचा आज परभणीला पेपर आहे आणि तो सुटस्तोर आम्ही बसणार. बसून काय होणार, असे पार्वतीबाईंनी विचारले. “काई व्हत न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “आमाला ठाव हाय.”

आणि त्या बसल्या. सावली सरकली तशा त्या सरकल्या आणि मलाही सावलीत ओढत गेल्या. कुणी गाणे म्हटले नाही, कुणी देवाला साकडे घातले नाही. लेकरे झोपली, उठली, पुन्हा झोपली. पेपर सुटायची वेळ झाली, तेव्हा बायनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ज्या त्या आपापल्या घरी गेल्या.

पुढच्या बुधवारी सत्यशीलाबाई परत आल्या. पेपर कसा गेला, एवढे बायनाबाईंनी विचारले. त्या दिवसाबद्दल कुणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही केले, असे त्यांना वाटलेच नसावे. पार्वतीबाईही ते विसरून गेल्या. पावसाळ्यात निकाल लागला आणि सत्यशीलाबाई बी.ए. झाल्या. दत्तराव पदवीचा कागद हातात धरून बराच वेळ बसून राहिले, डोळे पुसत.

नंतर माझ्या झाकणाला तडा गेला आणि मला बाद ठरवले. सत्यशीलाबाईंनी मला मागून घेतले, म्हणून मी भंगारात गेले नाही. आता त्यांच्या घरी कपाटावर असते. जुन्या वस्तूंना जपा, धूळ पुसत जा, अशी विनवणी माझ्यासारख्या पेटीने शेवटी करायची असते. ती तुम्ही माझ्या अवस्थेवरून समजून घ्या. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी मोठे माणूस, राहून गेलेले शिक्षण पुरे करायला बसले असेल. त्याचा अभ्यास तुम्हाला कळणार नाही, मदतही करता येणार नाही. तरी त्याच्याजवळ थोडा वेळ गप्प बसा. त्याला ते कळले नाही तरी चालेल.

सत्यशीलाबाईंना अजूनही वाटते, की तो पेपर त्यांनी एकटीने लिहिला.