मावशीची थरथर

मावशीचा तो जुना सिनेमा नव्याने काढायचं ठरलं आणि नायिकेचं काम तिच्या भाचीलाच मिळालं. घरात आनंदीआनंद. मावशी तेवढी गप्प होती.

त्या सिनेमात नायिका गळाभर पाण्यात उभी राहून बापाला जाब विचारते. ओठ थरथरतात, शब्द तुटतात. अभिनयाच्या वर्गात आजही तो प्रसंग दाखवतात.

शूटिंगच्या दिवशी मावशीला मानाने बोलावलं. स्टुडिओत मोठी टाकी बांधली होती. भाची सकाळपासून पाण्यात, पण दिग्दर्शकाचं समाधान होईना.

"मॅडम, तुमची ती थरथर हिला काही जमत नाही," असं म्हणून तो मागे वळून ओरडला, "बर्फ टाका अजून!"

लाद्या धपाधप पाण्यात पडल्या. भाचीचे ओठ निळे पडले, तरी ती हूं की चूं करेना. मावशी उठली.

"तो अभिनय नव्हता. अंगात सणकून ताप होता माझ्या. तेव्हाच्या दिग्दर्शकसाहेबांना ठाऊक होतं. 'आज चेहरा छान दिसतोय' म्हणाले आणि उतरवलं पाण्यात. ते बक्षीस घेत होते, तेव्हा मी न्यूमोनियाने दवाखान्यात होते."

"पण त्यामुळेच सिनेमा अजरामर झाला ना!" दिग्दर्शक म्हणाला.

"सिनेमा झाला. मी मरता मरता वाचले." मावशी टाकीच्या काठाशी गेली. "बाहेर ये गं."

"मावशी, काम जाईल माझं."

"जाऊ दे. कामं मिळतात, फुप्फुसं मिळत नाहीत."

भाची बाहेर आली. वेशभूषेच्या बाईंनी तिला घोंगडीत गुंडाळलं.

"मग हा सीन करायचा कसा?" दिग्दर्शक चिडला.

"नाही होणार," मावशी म्हणाली. "तेव्हा आम्ही मुकाट्याने उतरत होतो, म्हणून झाला."

"होईल की," भाची म्हणाली. दात वाजत होते, पण आवाज खणखणीत होता. "कोमट पाणी भरा. चूक बापाची आहे, मी कशाला थरथरू? ताठ उभी राहून विचारीन."

"मग हा तो जुना सिनेमा राहणार नाही!"

"नकोच राहायला."

दिग्दर्शकाने पॅकअप सांगितलं. दुसऱ्या दोन मुलींना विचारलं. त्यांनीही बर्फाला नकार दिला. सिनेमा बारगळला. भाची बरेच महिने घरी बसून राहिली, पण मावशीला तिने बोल लावला नाही.

एका पत्रकाराने मावशीला फोन केला. "जुन्याची सर नव्याला येत नाही, असंच ना?"

"न येवो," मावशी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.