रॅमचोर

"देवेश, माझी रॅम विकून काय खाल्लंस रे? शोर्मा की फालुदा?"

मधल्या सुट्टीत, नववी-बच्या भरल्या वर्गात ऋतिकाने हे विचारलं. तिच्या गेमच्या टीममधल्या पायल आणि सम्यकने तिला डिवचलं होतं, "तुझ्यात डेअरिंगच नाही." दोन महिन्यांपूर्वी हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, तीच ही ऋतिका. वक्तृत्व स्पर्धेत नंबर काय आला, बाईसाहेबांची जीभ अशी सुटली की तिला लगाम घालणं कोणाच्या बापाला जमेना.

वर्ग खदखदून हसला. देवेशच्या हातातला घास हातातच राहिला.

ऋतिकाचा कॉम्प्युटर देवेशनेच जोडून दिलेला. फुकट, मैत्रीखातर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानेच तो उघडून धूळ झाडली, आणि दसऱ्यापासून त्यात काय भूत शिरलं कोण जाणे! अभ्यासाला बरा चाले. पण गेम रंगात आला की स्क्रीन निळीशार आणि सगळं ठप्प. सम्यकने निदान केलं, "मेमरीचा एरर आहे. चांगली रॅम ढापून भंगारातली घातली असणार त्याने."

"खोलून बघ," देवेश म्हणाला. "रॅमच्या पट्टीवर नंबर असतो, ती ज्यात आली त्या खोक्यावर पण असतो. जुळव."

"बघा, बघा! चोरच पत्ता सांगतोय!" ऋतिका ओरडली.

पुन्हा हशा. त्या दिवसापासून फळ्यावर, बाकावर, ग्रुपवर देवेशचं नाव पडलं रॅमचोर.

तिथेच थांबलं असतं तर ठीक. पण ऋतिकाने हा पराक्रम रात्री जेवताना तिखटमीठ लावून सांगितला. कोपरला तिच्या पप्पांची, पंढरीशेटची, एक चाळ होती. तिथल्याच एका खोलीत देवेशचं बिऱ्हाड भाड्याने राहायचं. पप्पांनी हात धुतले, तडक चाळीत गेले आणि देवेशच्या वडिलांना, शिवरामकाकांना सांगून आले, "चोराला माझ्या खोलीत जागा नाय. महिनाअखेर खाली करा."

ऋतिकाचा चेहरा उतरला. पण जरासाच.

रविवारी टीमची ऑनलाइन गेमची मॅच होती. जिंकायला मिनिटभर उरलं आणि स्क्रीन निळी. लगेच पायलचा फोन, "डबडं आहे तुझं! तुझ्यामुळे हरलो. उद्यापासून टीममध्ये येऊ नकोस."

ऋतिकाचं डोकं फिरलं. आता देवेशच्या चोरीचा फोटोच ग्रुपवर टाकायचा! तिने स्क्रू काढले, झाकण उघडलं, रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या आणि खोक्यावरचे नंबर जुळवले. एकेक आकडा तोच.

मग दुसरी पट्टी तिने उजेडात धरली. खालच्या, खाचेत रुतणाऱ्या सोनेरी दातांवर लाल काहीतरी सुकून बसलं होतं.

कुंकू.

दसऱ्याला आई म्हणाली होती, "तुझ्या कॉम्प्युटरला पण हळदकुंकू लाव गं." आणि दोन व्हिडिओ बघून शहाणी झालेल्या ऋतिकाने, "वरवर कशाला, मुळापासूनच लावते," म्हणत एक पट्टी उपसली, ओलं कुंकू फासलं आणि परत खोचली. स्वतःच्या हाताने.

खोडरबराने तिने दात घासले, खाच ब्रशने झाडली. रबर लाल झालं. मग सगळ्यात जड गेम दीड तास चालवला. स्क्रीन एकदाही निळी झाली नाही. एवढी जिंकूनही ती रडकुंडीला आली.

चाळीत देवेश भांडी पोत्यात भरत होता.

"सॉरी," ती पुटपुटली.

"काय? ऐकू नाही आलं." त्याने वर बघितलंही नाही. "वर्गात कसा खणखणीत आवाज होता तुझा. आज बसला?"

"कुंकू होतं रे. मीच लावलेलं."

"मग मला काय सांगतेस? मी चोर नाही, हे मला पहिल्यापासून माहितीये."

त्याच्या आईने, लक्ष्मीकाकूंनी, तिच्या तोंडावर दार लोटलं.

"काय गो, कुठे गेलेलीस?" ती घरी पोचताच पप्पांनी विचारलं. तिने सगळं सांगून टाकलं.

"हळू बोल!" आई दबक्या आवाजात म्हणाली. "कोणाला कळणारे? घरातलं घरात राहू दे."

"मी एकदा बोललो ते बोललो," पप्पा म्हणाले. "आता काय भाडेकरूपुढे मान खाली घालू?"

"तुम्ही नका घालू, मी घालते." आता तिचा आवाज मुळीच बसला नव्हता. "उद्या मधल्या सुट्टीत बाकावर उभी राहून मी विचारणार, रॅमचोर कोण? आणि उत्तरही मीच देणार. संध्याकाळी चाळीत, सगळ्या बिऱ्हाडांसमोर पुन्हा तेच. आणि पप्पा, तरीही तुम्ही त्यांना काढलंत, तर का काढलंत तेसुद्धा सांगणार. ठरलंय माझं."