आधी पत्ता

ॲम्ब्युलन्सच्या फोनकक्षात तिला सगळे ‘फ्रीज’ म्हणत. पलीकडून कोणी किंकाळ्या फोडो की शिव्या घालो, तिचा आवाज कधी चढत नसे. आधी पत्ता, मग श्वास चालू आहे का, मग बाकीचं, असा तिथला क्रम. बोलणारा मध्येच कोसळला तरी गाडी दारात पोचावी, म्हणून पत्ता आधी. नव्या मुलींना हा क्रम घोटून घोटून शिकवावा लागे. तिला मात्र गेलं वर्षभर तो पाळायला काही कष्टच पडत नव्हते, आणि यात काही बिघडलंय असं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

त्या दुपारी तिने फोन उचलला, तर पलीकडे तिचीच दहा वर्षांची लेक होती.

“आजी बाथरूममध्ये पडलीय, डोक्यातून रक्त येतंय, उठतच नाहीये!” आणि मग, “आई? आई, तूच आहेस ना?”

“पत्ता सांगा,” ती म्हणाली.

मग लेकीने पत्ता सांगितला. वर्गात उभं करून विचारल्यासारखा, मजल्यासकट.

“श्वास चालू आहे?”

“हो.”

“स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. गाडी निघाली आहे.”

“बरं,” लेक म्हणाली, आणि अगदी हळू, “थँक्यू.”

तिने पुढचा फोन घेतला. कोणाला तरी दम्याचा झटका आला होता.

शेजारच्या टेबलावरच्या मावशी निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांची नजर सगळ्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यांवर फिरे. “अगं, हा तर तुझ्याच घरचा पत्ता!”

“हो.”

“मग बसलीयेस काय? पळ!”

“ड्यूटी संपायला तास आहे अजून.”

एरवी मावशींनी यावर काहीतरी टोला हाणला असता. त्यांनी फक्त आपली खुर्ची जराशी मागे सरकवली. ते तिने पाहिलं, आणि आपलीच बोटं आपल्या मनगटावर ठेवली. नाडी रोजच्यासारखीच चालली होती, संथ. तेव्हा कुठे तिला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई टाके घालून घरी आल्या. “डोकं फुटलं, जीभ शाबूत आहे,” त्यांनी दारातच जाहीर केलं. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. नवरा बोटीवर कामाला होता, त्यानेही फोनवर शाबासकी दिली. लेक मात्र तिच्या वाऱ्यालाही उभी राहीना. गुडघा खरचटला तर ती आईला ओलांडून आजीकडे जाई.

ती स्वतःला तपासू लागली. दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तशी ती मुद्दाम मनात चित्र आणी: बाथरूममध्ये सासूबाई नाहीत, लेक पडली आहे. फरशीवर रक्त. बारीकसारीक सगळं दिसे, पण आत काही हलत नसे. मग त्या न हलण्याने तिच्या तळहातांना घाम फुटे. भीती तेवढी उरली होती. डॉक्टरकडे जावं, असं रोज मनात येई. पण हे कळल्यावर कानावरचा हेडफोन काढून घेतील. आणि त्याहून वाईट म्हणजे डॉक्टर म्हणाले, बाई, हा आजार नाही, तुम्ही आहातच अशा, तर?

रविवारी सासूबाई मटार सोलत होत्या. लेक त्यांना खेटून बसली होती.

“आई, तू मला ओळखलंच नव्हतंस ना? आजी म्हणते, तिथे खूप गोंगाट असतो.”

सासूबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले. एक ‘हो’ म्हटलं की संपत होतं.

“ओळखलं होतं,” ती म्हणाली.

“मग?”

“मग मला काही वाटलंच नाही.”

लेक आजीच्या आणखी जवळ सरकली. “आणि मी परत फोन केला तर?”

गाडी पाठवेन, असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण लेकीने ते विचारलं नव्हतं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

“पोरीला घाबरवतेस कशाला!” सासूबाई कडाडल्या. मग सुनेच्या तोंडाकडे नीट बघत म्हणाल्या, “कधीपासून आहे हे?”

“वर्ष झालं असेल.”

“वर्ष! आणि मी आपली समजतेय, सूनबाई शहाणी झाली, उलट बोलत नाही.”

त्यांनी मटारची परात बाजूला सरकवली.

“मला डॉक्टरकडे जायचंय,” ती म्हणाली.

“आणि नोकरी?”

“जाईल कदाचित.”

दवाखान्यात तिघी गेल्या. सासूबाईंच्या डोक्याची पट्टी बघून लोकांनी पेशंट त्याच समजून त्यांना पुढे जागा करून दिली, आणि त्यांनीही ती घेतली. ती एकटीच आत गेली. वाटेत एक वाक्य तिने घोकून ठेवलं होतं: झोप नीट लागत नाही. साधी तक्रार. गोळ्या मिळतात, नोकरी जात नाही, घरी सांगायलाही बरं.

डॉक्टर वयाने तिच्याहून लहान होती. “बोला, काय होतंय?”

“झोप...” तिने सुरुवात केली आणि ती अडली. हात ओले झाले होते. उठून बाहेर जायला दार दोन पावलांवर होतं.

“झोप अगदी छान लागते,” ती म्हणाली. “सासूबाई दवाखान्यात होत्या, लेक शेजारच्यांकडे रडत होती, त्या रात्रीसुद्धा लागली. मला त्याची भीती वाटते.”