कल्याणीच्या कानातला आवाज

मी पेन आहे, पण माझ्यात शाई नाही. मित्रांनो, मला लिहिता येत नाही, फक्त वाचता येते. छापलेल्या ओळीवरून माझे टोक फिरवले की ती ओळ मी इअरफोनमधून वाचून दाखवतो. ज्या मुलांच्या डोळ्यांपुढे अक्षरे जागा बदलतात, त्यांच्यासाठी मला घडवले आहे. आता मी जुना झालो. बोटांच्या घामाने माझा काळा रंग टोकाशी करडा पडला आहे आणि मोठा शब्द आला की माझा आवाज मध्येच अडखळतो.

बर्मिंगहॅमच्या एका सरकारी शाळेने माझ्यासारखे चार पेन घेतले. शाळेत मुले बाराशे. अभ्यासात जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांचे काम सारा मिस बघत. त्यांच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर आम्ही चौघे चार्जिंगला पडून असायचो.

कल्याणी त्या खोलीत आली तेव्हा तेरा वर्षांची होती, इयर नाइनमध्ये. गणितात हुशार होती. इंग्रजीच्या तासाला मात्र मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की ती टॉयलेटला जायची आणि पाळी टळेपर्यंत परत यायची नाही. तिची आई सुलक्षणाबाई लग्न होऊन नागपूरहून इकडे आलेल्या. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत त्या चादरी इस्त्री करत. घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली उभ्या राहून त्या मुलीला एकच गोष्ट सांगत: काहीही होवो, शिकायचे. म्हणूनच आपल्याला नीट वाचता येत नाही, हे कल्याणीने आईपासून चार वर्षे लपवले होते.

पहिल्या दिवशी तिने मला ब्लेझरच्या बाहीत दडवून वर्गात नेले. पुरात हरवलेल्या एका कुत्र्याची गोष्ट होती. मी एक पान वाचून दाखवले. तास संपल्यावर ती सारा मिसकडे आली, इअरफोन काढला आणि म्हणाली, "एवढंच होतं?"

सारा मिसना वाटले, तिला गोष्ट आवडली नाही. तसे नव्हते. बाकीच्यांना त्या पानात असे काय दिसते, याची तिला इतकी वर्षे धास्ती होती. आणि तिथे फक्त एक कुत्रा हरवला होता.

पुढची दोन वर्षे माझी चांगली गेली. कल्याणीने घरी आईला सगळे सांगितले. पाठ्यपुस्तके, नोटिसा, बसस्टॉपवरच्या जाहिराती, सगळे ती माझ्याकडून वाचून घेई. तिला नर्स व्हायचे होते. आईने तळघरात काम केले, आपण वर वॉर्डात करू, असे ती सारा मिसना सांगायची.

त्यासाठी आधी जीसीएसई पार करायची होती. सोळाव्या वर्षी ही परीक्षा होते. इंग्रजीत आणि गणितात नऊपैकी निदान चारची ग्रेड लागते. ती नसली तर हव्या त्या कोर्सला सहसा घेत नाहीत आणि कॉलेजातही तोच विषय पुन्हा घेऊन बसावे लागते. परीक्षेत मला नेता येते, पण परवानगी आधी काढावी लागते. मूल रोज असेच वाचते याच्या नोंदी आणि अर्ज ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचा असतो. नोंदी सारा मिस ठेवत होत्या.

कल्याणी इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे परीक्षेच्या वर्षात असताना, जानेवारीत, शाळेने खर्च कमी केला आणि सारा मिसची जागा गेली. त्यांच्या जागी राजीव सर आले, तेही आठवड्यातून एक दिवस. त्यांच्याकडे तीन शाळा होत्या. कल्याणीची फाइल कपाटात राहिली. अर्ज गेलाच नाही. कोणी मुद्दाम केले नाही. ते काम आता कोणाचेच नव्हते.

मे महिन्यात परीक्षेच्या सकाळी ती मला हातात घेऊन हॉलच्या दाराशी गेली. तिथल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. तिचे नाव नव्हते. हा पेन आत नेलास तर तुझा पेपरच रद्द होईल, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. कल्याणी वाद घालत बसली नाही. तिने मला त्यांच्या टेबलावर ठेवले आणि ती आत गेली. पावणेदोन तास मी दाराबाहेर पडून होतो.

बाहेर आल्यावर ती राजीव सरांना म्हणाली, "पहिलं पान मी चार वेळा वाचलं. मग वेळ संपली."

ऑगस्टमध्ये निकाल लागला. गणितात सात, इंग्रजीत तीन. सुलक्षणाबाई शाळेत आल्या. राजीव सरांनी तोवर फाइल शोधून काढली होती. चूक शाळेची आहे, हे त्यांनी लपवले नाही. सुलक्षणाबाई आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या मुलीनं चार वर्षं लपवलं. शेवटी धीर करून सांगितलं. आणि तुम्ही विसरलात."

शाळेने परीक्षा मंडळाला पत्र लिहिले. अर्जच आला नव्हता, म्हणून ग्रेड बदलणार नाही, असे उत्तर आले.

कल्याणीने कॉलेजात नाव घातले, पण नोव्हेंबरमधली फेरपरीक्षा आमच्याच शाळेत होती. या वेळी राजीव सरांनी सप्टेंबरमध्येच स्वतः बसून अर्ज भरला. परवानगी आली. त्या सकाळी कल्याणीच्या नंबरच्या टेबलावर मला ठेवले होते, शेजारी इअरफोनच्या दोन जोड्या. पेपर सुरू झाला. तिची खुर्ची रिकामी राहिली.

दोन दिवसांनी सुलक्षणाबाई राजीव सरांना भेटायला आल्या. कल्याणी घरून वेळेवर निघाली होती. शाळेचा स्टॉप आला, ती उतरली नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेली आणि त्याच बसने घरी आली. आईने विचारले तेव्हा म्हणाली, "आई, मला माहितीये मी स्टुपिड नाही. पण तो पेपर मला सांगतो की मी आहेच. मी परत नाही बसणार." सुलक्षणाबाईंनी हे जसेच्या तसे सांगितले, मग सरांचे आभार मानले आणि त्या निघून गेल्या.

कल्याणीचे नाव अजून कॉलेजच्या यादीत आहे, पण ती जात नाही. सकाळी ती आईबरोबर लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला जाते. मी दुसऱ्या मुलांना वाचून दाखवतो.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. माझी बॅटरी बदलता येते, माझ्या जागी दुसरा पेनही घेता येतो. पण तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी कचेरीत बसून अर्ज पुढे पाठवील. हातात आलेला कागद कोणाचा आहे, ते तेव्हा वाचा आणि तारीख उलटण्याआधी पाठवा. उशिरा भरलेला तो सप्टेंबरमधला अर्ज मी पाहिला आहे. त्यात एकही चूक नव्हती.