दिसतंय, उतरा खाली

आमच्या लहानपणी टीव्ही लावायला तीन माणसं लागायची. एक छतावर, एक जिन्यात आणि एक टीव्हीसमोर. बघायला बसणारे वेगळे, त्यांना नुसतं पसरायचं असे. ही तीन माणसं चित्र आणण्याच्या कामावरची. छतावर बाबा, कारण अँटेना त्यांनी स्वतः केलेली. जिन्यात मी, कारण घरात सगळ्यात मोठा आवाज माझा. आणि टीव्हीसमोर आई, कारण तिथून तिला गॅसवरच्या दुधावरही लक्ष ठेवता यायचं.

बाबा पंपांच्या कारखान्यात फिटर होते. विकतची अँटेना आणणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपल्या हातांचा अपमान. नळ्या कापून, कानशीने घासून, भोकं पाडून त्यांनी ती बनवली आणि पाण्याच्या टाकीशेजारी पाइपावर चढवली. जरा वारा सुटला की ती तोंड फिरवायची, आणि ऐन मोक्याच्या वेळी टीव्हीवरच्या माणसांचा चेहरामोहरा जायचा. मग बाबा वर.

"दिसतंय का?" ते वरून ओरडायचे.

"दिसतंय का?" मी जिन्यातून आत.

"मुंग्या," आई म्हणायची.

"मुंग्या!" मी वर.

बाबा पाइप थोडा फिरवायचे. "आता?"

"दोन-दोन माणसं!" म्हणजे प्रत्येकाच्या मागे त्याची सावली चिकटलेली. "आलं, आलं... अहो, गेलं! मागे घ्या, मागे!"

हे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. कोणाला काही वाटायचं नाही, कारण त्यांच्याही छतांवर हेच चाललेलं असे.

मी जुन्या वस्तूंसाठी गळा काढणाऱ्यांतली नाही. ते खोकं गेलं ते बरंच झालं. त्याला लाकडी सरकती दारं होती, त्यांत दर आठवड्याला माझं बोट सापडायचं. चॅनेलची कळ तुटली होती, तर तिथे कायमची पक्कड अडकवलेली. पाहुणे आले की आई ती पक्कड काढून लपवायची आणि मग पाहुण्यांसमोर टीव्ही लावताच यायचा नाही. शेजारी स्टॅबिलायझर घुरघुरत पडलेला. चित्र अगदीच हट्टाला पेटलं तर वरून एक धपाटा. आमच्या घरात मार खाणाऱ्यांत माझ्यानंतर त्या टीव्हीचाच नंबर लागत असे.

एकच गोष्ट मला मनापासून आवडायची. टीव्ही बंद केला की काचेच्या मध्यावर एक पांढरा ठिपका उरायचा. तो लहान होत होत विझायचा. तो पुरता विझल्याशिवाय मी जागची हलायची नाही. आई म्हणायची, "गेला तो. ऊठ आता, जेवायला चल."

तर एकदा अशाच वाऱ्याच्या दिवशी बाबा वर असताना त्यांची चप्पल खिडकीवरून खाली गेली. नुसती चप्पल. पण आई टीव्हीसमोर बसली होती आणि खिडकी टीव्हीच्या मागेच. तिला काहीतरी वरून खाली पडताना दिसलं, एवढंच. छताला तेव्हा कठडा नव्हता. आई ओरडली नाही. ती उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. वरून बाबांचा आवाज आला, "अगं, चप्पल पडली बघ माझी. आणि दिसतंय का?"

"दिसतंय," आई म्हणाली. "उतरा खाली."

मी जिन्यातून वाकून पाहिलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने डोळे असे वटारले की मी शब्द गिळला आणि वर ओरडले, "दिसतंय! उतरा खाली!"

त्या दिवसापासून आमच्या घरातलं चित्र कधी नीट आलंच नाही. बाबा वर जायचे, दोनदा पाइप फिरवायचे, की आईचं आपलं "दिसतंय, उतरा खाली." इतकं घाईने, की बाबांचा प्रश्नही पुरता होत नसे. बाबा घाम पुसत खाली यायचे आणि बघतात तर पडद्यावर वादळ. "मी उतरेपर्यंत वारा आला वाटतं," ते म्हणायचे. "हो ना, आत्ता इतकं स्वच्छ होतं," आई म्हणायची, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. बाबांनी आयुष्यभर वाऱ्याला शिव्या घातल्या. अँटेनेबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

पुढे छतावरच्या अँटेना गेल्या. आमची राहिली, तिला आता कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. भिंतीवर चपटा टीव्ही आला. मी लग्न होऊन लांबच्या गावी गेले. फोनवर आई-बाबांचं ठरलेलं बोलणं. बाबा पाढा वाचल्यासारखं सांगायचे: बीपी ठीक, गुडघे ठीक, तुझी आईही ठीक. आईच्या चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय म्हणते, बाकी काही नाही.

गेल्या महिन्यात मी चार दिवस राहायला गेले. दार उघडंच होतं. आत आई खुर्चीत ताठ बसून टीव्ही बघत होती. टीव्हीवर निळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सिग्नल नाही'.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"आलीस का! बातम्या गं," आई म्हणाली. "आवाज बंद केलाय, डोकं उठतं."

टीव्हीच्या मागून बाबांचा आवाज आला. ते खाली वाकून केबलच्या डब्याची वायर काढून पुन्हा घालत होते. "दिसतंय का गं आता?"

"दिसतंय, दिसतंय. उठा तुम्ही. कंबर धरेल."

निळ्या पडद्यावरचं एक अक्षरही हललं नव्हतं. ती घाई माझ्या ओळखीची होती. जिन्यात बसून मी ती वर्षानुवर्षं ऐकली होती.

मग मी चहाच्या वेळी नीट पाहिलं. ती कपात चहा ओतताना कपाच्या काठावरून बोट आत सोडत होती. चटका बसला की थांबायची. बोटाचं टोक लाल झालेलं होतं. बोलताना ती माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघत होती. आणि बाबा समोर बसून बिस्किट बुडवत सांगत होते, "रोज विचारतो मी. डोळ्यांकडे दुर्लक्ष नाही हं आपलं. रोज विचारतो, दिसतंय ना नीट? म्हणते दिसतंय."

दुसऱ्या दिवशी मी दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाबांनी गुडघ्यांसाठी काठी घेतली होती. आई वाटभर म्हणत होती, उगाच खर्च, उगाच धावपळ. डॉक्टर मितभाषी होते. काचबिंदू, ते म्हणाले. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्यात थोडं उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येईल का ते बघायचं. ऑपरेशन करता येतं, पण फारच थोडं उरलं असेल तर तेवढंही ऑपरेशनमध्येच जायची भीती. म्हणून आधी किती उरलंय ते नक्की कळायला हवं. त्यासाठी एक तपासणी असते.

पडद्यामागे एक खोली, त्यात मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, मध्यावर बघायचं आणि कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बस. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आतून बटणाचा आवाज येत होता. टक, टक, टक, टक. बाबांचा चेहरा हळूहळू उजळला. "बघ," ते मला म्हणाले, "बरंच दिसतंय तिला."

यंत्रावरची मुलगी बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. "आजी दिवा नसतानाही बटण दाबतायत. या रिपोर्टचा काही उपयोग नाही. पुन्हा करावी लागेल. त्यांना जरा समजावून सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई पडद्याआडून चाचपडत आली, बाबांनी तिला हात धरून बाकावर बसवलं आणि मी सुरू झाले. लोक बघत होते, बघू देत.

"यंत्राशीसुद्धा खोटं बोलतेस? यंत्र काय छतावर चढलंय?"

"अगं, ती पोरगी कधीची ताटकळत उभी होती," आई म्हणाली. "म्हटलं, आटपावं एकदाचं."

"तुझं हेच! तेव्हाही हेच. बाबा, ही पहिल्यापासून खोटं बोलते. अँटेनेच्या वेळी हिला काही दिसायचं नाही. मुंग्या असायच्या. ही नुसती म्हणायची दिसतंय."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण आता ते शब्द बाकावर आमच्या तिघांच्या मध्ये येऊन बसले होते.

बाबा बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथे अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली.

"म्हणजे चित्र यायचं नाही?" ते म्हणाले.

"यायचं की," आई म्हणाली. "कधीकधी."

"त्या मॅचला? शेवटच्या षटकाला? सगळी गल्ली जमली होती."

"मुंग्या."

"पण लोक ओरडले होते."

"आवाज येत होता ना. आवाजावर ओरडले."

बाबांच्या हातांना कानशीचे जुने घट्टे आहेत, ते त्यांनी एकमेकांवर घासले. त्यांचा चेहरा असा पडला की मला स्वतःचीच जीभ उपटून टाकावीशी वाटली. एवढ्या वर्षांनी या माणसाची अँटेना मोडायची मला काय गरज होती?

"मी थांबलो असतो गं," ते आईला म्हणाले. "अजून फिरवलं असतं. येईपर्यंत थांबलो असतो."

"म्हणून तर," आई म्हणाली.

मग तिने दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले, फोटोला बसावं तसे. "चप्पल खिडकीवरून गेली तेव्हा मला वाटलं, तुम्हीच गेलात. तुम्हाला ती गंमत वाटली. माझं मन कितीतरी दिवस थाऱ्यावर नव्हतं. त्यानंतर मी टीव्ही बघितलाच नाही हो. तुम्ही वर असलात की खिडकीच बघायचे."

बाबांनी खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"आणि आता?" बाबांनी विचारलं. "आता तर मी खाली होतो. घरात होतो. आता का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. ऊन नाही बघितलं, गुडघे नाही बघितले. तुम्ही एकदा फिरवायला लागलात की थांबता का?" आई जरा हसली. "आणि मध्यावर दिसायचं थोडं. ही लहानपणी टीव्हीवरचा ठिपका बघत बसायची ना, तेवढं. त्यात तुमचा चेहरा मावायचा. म्हटलं, चाललंय."

"आता मावतो?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. म्हणजे माझ्या कानाकडे.

मुलीने आत बोलावलं. आई उठायला लागली तसा बाबांनी तिचा हात धरून ठेवला. छतावरून ओरडणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज मलाही जेमतेम ऐकू आला.

"हे बघ," ते म्हणाले. "मी कुठे चढलेलो नाही. इथे बाकावर बसलोय. पाय जमिनीवर आहेत, चपला पायांत आहेत. मला काही होणार नाही. तू खरं सांग."

आईने खाली हात नेऊन त्यांच्या चपलेचा अंगठा चाचपून पाहिला. मग ती आत गेली.

पडदा पडला. आत यंत्र सुरू झाल्याची बारीक घरघर ऐकू आली. मी आणि बाबा बटणाची वाट बघत बसलो.

टक.

बाबांनी मान डोलावली. मग बराच वेळ काही नाही. शेजारच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजला आणि थांबला. एक माणूस डोळ्याला पट्टी लावून आमच्यासमोरून भिंत धरत गेला. आतून मुलीचा आवाज आला, "आजी, मध्ये बघा हं, झोपू नका." आणि आईचा, "जागी आहे मी."

टक.

मग पुन्हा काही नाही. घरघर चालू होती, म्हणजे दिवे लागत होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे लागत असणार. पहिल्या वेळचा तो ताशासारखा आवाज मला आता हवा होता. तिने खोटं दाबलं असतं तरी मी काही बोलले नसते.

बाबा पुढे सरकून बाकाच्या कडेवर बसले. दोन्ही हात त्यांनी काठीवर ठेवले होते आणि ते काठी नकळत थोडी थोडी फिरवत होते. या बाजूला, त्या बाजूला. त्यांच्याने राहवलं नाही.

"दिसतंय का गं?" त्यांनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

"आजोबा, बोलू नका," मुलगी म्हणाली.

या प्रश्नाला माझ्या आईने इतका वेळ कधीच घेतला नव्हता.

"नाही हो," ती म्हणाली. "काहीच नाही."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांची काठी फिरायची थांबली होती.

"बरं," ते म्हणाले. "मी थांबतो."