नुसत्या पाकाची गिऱ्हाइकं

भर उन्हाळ्यात, ऐन गर्दीच्या वेळी, एका गिऱ्हाइकाने ग्लास माझ्यापुढे आपटला. "लिंबू सरबत सांगितलं होतं. हे कोण पोहतंय यात?" ग्लासात मधमाशी होती. चांगली जिवंत, आणि त्या गिऱ्हाइकापेक्षाही चिडलेली.

सरबताचं दुकान चालतं ते उन्हाळ्यात. तेवढ्या कमाईवर वर्ष काढायचं. थंडीत माझ्याकडे कुणी फिरकत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत मधमाश्यांनी माझं दुकान ताब्यात घेतलं होतं. बरणीवर माश्या, गाळणीवर माश्या, ओल्या फडक्यावर माश्या. लोक लांबूनच बघायचे आणि समोरच्या ज्यूसवाल्याकडे वळायचे. तो तिकडून मला हात करायचा, तेही हसून.

माश्या कुणाच्या हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे सिस्टरांचं अंगण आहे. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे मधमाश्यांची पेटी ठेवली. एरवी आमचं छान जमतं. पण त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सिस्टर, तुमच्या माश्या माझ्या पोटावर पाय देताहेत!"

मुलीचं बाळंतपण उरकून त्या नुकत्याच घरी परतल्या होत्या. माझ्याशी भांडायचं सोडून त्यांनी पेटी मागून जराशी उचलून पाहिली, आणि त्यांचा चेहराच उतरला. "हलकी लागतेय. भाऊ, आत खायला काही उरलेलं नाही. या उन्हात फूल कुठे आहे? उपाशी आहेत बिचाऱ्या, म्हणून तुमच्याकडे येतात. साखरेचा पाक द्यायला हवा, नाहीतर पेटी हातची जाईल."

आता उपाशी म्हटल्यावर माणूस भांडणार कसा? आणि पाक म्हटल्यावर मी गप्प बसणार कसा? "पाक मी करतो," मी म्हणालो. "तुम्ही फक्त झाकण उघडा."

अगदी मन लावून केला. साखर, पाणी, वरून लिंबू, आल्याचा रस, चिमूटभर मीठ आणि पुदिना. वरच्या सामानाचं सिस्टरांना काही बोललो नाही. आपल्या हाताची खुबी आपण सगळ्यांना सांगत नाही. दिवस मावळेपर्यंत थांबावं लागलं, कारण दिवसा पाक ठेवला तर वासाने परक्या माश्या येऊन पेटी लुटतात म्हणे. मग सिस्टरांनी बरणीच्या झाकणाला बारीक भोकं पाडली आणि बरणी उलटी करून पेटीत, माश्यांच्या डोक्यावर ठेवली.

सकाळी पाहतो तर बरणी जशीच्या तशी. आणि दुकानात माश्या कालच्या दुप्पट! इतक्या वर्षांत माझं सरबत कुणी उष्टं टाकलं नव्हतं. माझं तोंड एवढंसं झालं.

बायको ग्लास विसळत होती. "अहो, इकडे बघा जरा. लिंबाच्या भांड्यावर एक तरी माशी आहे का? सगळ्या पाकाच्या बरणीवर. त्यांना तुमची कला नकोय, साखर हवीय."

सिस्टरांनी रात्रीची बरणी हुंगली. "पुदिना?" त्या पायरीवर बसून हसायला लागल्या. मग हसता हसता थांबल्या. "अहो, एक अख्खी रात्र वाया गेली. त्यांना मापाला माप साखर आणि पाणी, बस्स. दुसरं काही म्हणजे काही नाही."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. उपाशी पोटापुढे मी शहाणपणा वाढून ठेवला होता.

त्या संध्याकाळी नुसता पाक केला. हात सारखा लिंबाकडे जात होता, तेव्हा बायको लिंबांची टोपलीच उचलून बाहेर जाऊन उभी राहिली.

आणि सकाळी बरणी रिकामी! चाटूनपुसून रिकामी! मी ती उन्हात धरून सिस्टरांना दाखवली, बायकोला दाखवली, समोरच्या ज्यूसवाल्यालाही दाखवली. त्याला काही कळलं नाही.

मग रोजचं ठरूनच गेलं. दिवस कलला की पाक घेऊन सिस्टरांकडे. दुकानात आम्ही सगळ्या भांड्यांना झाकणं लावली. हळूहळू माश्या कमी झाल्या, गिऱ्हाइकं परत आली, आणि समोरच्या ज्यूसवाल्याचं हात करणं बंद झालं. माझं काम खरं तर तिथेच झालं होतं. पण मला चैन पडेना. पेटीला कान लावून मी आतली गुणगुण ऐकत बसायचो. "जेवलात का गं सगळ्या?" असंही विचारायचो. बायको म्हणायची, "मला कधी विचारलंत का?"

एका सकाळी बरणी भरलेलीच. म्हटलं, पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशीही भरलेलीच. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुकानात रांग लागलेली, ती तशीच सोडून मी धावलो.

"सिस्टर! मेल्या का हो? माझा पाक बिघडला का?"

"पेटी उचला मागून," त्या म्हणाल्या.

मी एका हाताने उचलायला गेलो. हलेचना. दोन्ही हात लावले तेव्हा कुठे बोटभर उचलली गेली. सिस्टरांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. गल्लीच्या वळणावरचं मोठं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फुललं होतं, आणि त्याच्यावर माश्यांची इतकी गर्दी होती की आवाज इथपर्यंत येत होता. मी रोज त्याच झाडाखालून जात होतो, मान खाली घालून, पाकाचा विचार करत.

"फुलं आली, भाऊ. आता तुमचा पाक कशाला लागतोय त्यांना?"

माझा जीव भांड्यात पडला. जराशी कळही आली, खोटं कशाला बोलू? पण ती टिकली नाही. वर बघत मी वेड्यासारखा हसत सुटलो.

दुकानात आलो तर रांग कुरकुरत होती. मी सगळ्यांना फुकट सरबत दिलं, वर जास्तीचा बर्फ घालून.

"आज काय विशेष?" एकाने विचारलं.

"माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं," मी म्हणालो, आणि त्याचा ग्लास पुन्हा भरला.